श्रावणापासून पूर्ण दाढी ठेवायची आहे : ठेवण, बोअरचं पाणी आणि फवारणी

पऱ्हाटीवाला
रामराम मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, शेती कोरडवाहू, पऱ्हाटीत तुरीचे तास. वय २५. डिसेंबरच्या शेवटी लग्न आहे आणि लग्नात मले पूर्ण दाढी पाहिजे. कोरलेली नाही, फ्रेंच कट नाही. कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत सलग आणि मिशीले जोडलेली. आमच्या घरी श्रावणात दाढी करत नाहीत, म्हणून म्हटलं सुरू झालीच आहे तर आता तशीच वाढू द्यावी.

अडचणी सांगतो. चेहरा गोल आहे. डाव्या गालावर दाढी विरळ आहे, उजवीकडे बरी आहे. पाणी बोअरचं, साबणाले फेस येत नाही. बाबा म्हणतात आधी चारपाचदा वस्तरा मारून घे, मग दाट येईन. होणारी बायको म्हणते ठेवा, पण नीट ठेवा. अन् फवारणी मी स्वतः करतो, पंप पाठीवर घेऊन. त्याचा दाढीशी काही संबंध असतो का, हे मले माहीत नाही. ज्यायले माहीत असन त्यायनं सांगा.

वस्तरा_कंगवा
भाऊ, माझं वाशिम जिल्ह्यात कटिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पहिले एकच सांगतो. पहिले चार ते सहा आठवडे गालाले हात लावू नका. पोट्टे काय करतात, पंधरा दिवस वाढवतात, मंग खाजवते म्हणून येतात अन् म्हणतात सेटिंग करून द्या. तेवढ्या दाढीत सेटिंग करासारखं काही राहतच नाही. मी लाइन मारतो, ते वर सरकते, अन् जे केस पुढे कामाचे होते तेच कापल्या जातात.

डावा गाल विरळ आहे म्हणता, तर तिथले केस लांब होऊ द्या. वरचे केस खाली पडतात अन् मोकळी जागा झाकतात. अशा गालावर झिरो मारला की चट्टा उघडा पडते. दोन्ही गाल सारखे असलेला माणूस मी क्वचितच पाहिला, त्याची काळजी करू नका.

खाज सुटते थे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. वस्तऱ्यानं कापलेल्या केसाचं टोक तिरपं, धारदार राहते अन् ते कातडीले टोचते. केस लांबला की वाकते, मंग खाज कमी होते. तोवर रोज धुवा अन् दोन थेंब तेल लावा.

चर्मरोग_अमरावती
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, अमरावतीत प्रॅक्टिस करते. वरच्या भाऊंनी खाजेचं कारण अगदी बरोबर सांगितलं आहे.

वस्तरा फिरवल्यानं दाढी दाट होत नाही. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. केस वाढण्याचा वेग, जाडी, रंग, कशातच फरक पडला नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापलं की बुंध्याचा जाड भाग वर दिसतो, हाताला राठ लागतो, आणि दाट आल्यासारखं वाटतं. बाबांचा अनुभव खोटा नाही, त्यांनी काढलेलं कारण तेवढं चुकीचं आहे.

दाढी किती दाट येणार हे केसांची मुळं पुरुषी संप्रेरकांना, विशेषतः डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला, किती प्रतिसाद देतात यावर ठरतं, आणि तो गुण घराण्यातून येतो. वडील, आजोबा आणि मामा यांचे फोटो पाहा, बराच अंदाज येईल. २५ व्या वर्षी गाल विरळ असणं अगदी सर्वसाधारण आहे. तिशीपर्यंत भरत जातात. वाढीचा वेग महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. यापेक्षा लवकर वाढवून देणारं तेल बाजारात नाही, जाहिरात काहीही म्हणो.

मिनॉक्सिडिलबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहिते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी मुलं आधीच ते लावून आलेली असतात. हे औषध डोक्याच्या टकलासाठी आहे, दाढीसाठी त्याला मान्यता नाही. २०१६ मध्ये थायलंडमधल्या एका छोट्या चाचणीत ३ टक्क्यांचं द्रावण लावून १६ आठवड्यांत फरक दिसला होता, हे खरं. पण कातडी सोलते, खाजते, काहींना छातीत धडधड होते. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी ते विष आहे, चाटलं तरी जीव जाऊ शकतो. त्यामुळे विचारल्याशिवाय नको.

एक तपासून पाहा. डाव्या गालावरची जागा विरळ आहे, की रुपयाएवढी गोल आणि पूर्ण गुळगुळीत? गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे चाई, तिचा इलाज वेगळा. विरळ असेल तर काळजी नाही.

बोंडअळी_नको
पऱ्हाटीवाला भाऊ, तुम्ही फवारणीचं शेवटी एका ओळीत विचारलं, पण माझ्या मते या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

२०१७ चा हंगाम आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलं नसेल. जुलै ते नोव्हेंबरमध्ये फवारणीच्या विषबाधेनं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता. तेव्हापासून काही जण तरी काडतुसाचा, म्हणजे हवा गाळणारी डबी लावलेला मास्क वापरतात, जो नाक-तोंडावर रबरानं चिपकतो. हा मास्क गालावर, नाकावर आणि हनुवटीखाली कातडीला घट्ट बसला तरच काम करतो. मध्ये दाढी आली की रबर आणि कातडी यांच्यात फट राहते. श्वास ओढला की हवा काडतुसातून येत नाही, त्या फटीतून येते, कारण तिथे अडथळा कमी असतो. दोन दिवसांचे खुंट असले तरी फरक पडतो, मग एक इंचाच्या दाढीवर काय होत असेल ते समजून घ्या. कितीही महाग मास्क घ्या, पूर्ण दाढीवर तो बसत नाही.

दुपट्टा बांधून फवारणारे आहेतच. दुपट्टा ओला झाला की औषध तोंडाशी धरून ठेवतो. दाढीचंही तसंच. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं कातडीतून आत जातात. दाढीत तुषार अडकले आणि माणूस तसाच बांधावर जेवायला बसला, की हात दाढीला, दाढीचा हात भाकरीला.

मिशी चालते. मिशी आणि हनुवटीवरचा लहान झुपका मास्कच्या आत राहत असेल तर चालतो. गाल, जबड्याची कड आणि हनुवटीखालचा भाग साफ पाहिजे.

म्हणून माझं मत साफ आहे. फवारणी संपेपर्यंत पूर्ण दाढी ठेवू नका. दसऱ्याच्या आसपास मुख्य फवारण्या उरकतात, तेव्हा सुरू करा.

पऱ्हाटीवाला
चट्टा गोल नाही डॉक्टर ताई, विरळच आहे. फोटो पाहिले, मामाची दाढी भरगच्च आहे, आजोबांची गालावर विरळच होती.

बोंडअळी भाऊ, हे कोणीच सांगितलं नव्हतं. कृषी केंद्रातून मास्क आणला तेव्हा त्यानंही नाही सांगितलं. पण दोन शंका आहेत. श्रावणात दाढी काढली तर घरी आई नाराज होईन. अन् फवारणी मजुराले दिली तर दाढी ठेवता येईन का?

बोंडअळी_नको
दुसऱ्या शंकेचं आधी. मजुराच्या तोंडावरही दाढी असते भाऊ, आणि श्रावण तोही पाळतो. २०१७ मध्ये गेलेल्यांत मजूरही होते. फवारणी त्याला द्यायची असेल तर मास्क तुम्ही द्या, हातमोजे तुम्ही द्या, आणि हे दाढीचं त्यालाही सांगा. तुमच्या शेतात तुमचं औषध तो मारतो आहे.

शेंदुर्जना_काका
आईच्या नाराजीचं मी सांगतो. आमच्याही घरी श्रावण कडक आहे. पोळ्याच्या अवसेला श्रावण संपतो, तोवर वस्तरा बंद. पण माझे वडील श्रावणात फवारायचं काम निघालं की आदल्या सांजेला न्हाव्याकडे जायचे आणि देवापुढे तसं सांगून यायचे. आजीनं कधी अडवलं नाही. आईला मास्क लावून दाखव बेटा, गालापाशी हवा कशी सुटते ते तिला हातानं चाचपू दे. ती स्वतःच म्हणेल काढ म्हणून.

कुटार_आणि_कापूस
फवारणी संपली तरी शेतीचं काम संपत नाही, तेवढं लक्षात ठेवा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून काढताना कुटाराचा भुसा दाढीत असा बसतो की पाण्यानं निघत नाही. कोरड्या दाढीत आधी बारीक कंगवा, मग पाणी. पाणी आधी टाकलं की भुसा चिकटतो आणि दिवसभर खाजवतं. हडंब्यापाशी लांब दाढी मोकळी सोडू नका आणि गळ्यातला दुपट्टाही काढून ठेवा. पट्ट्यात ओढलं गेलं तर सुटायला वेळ मिळत नाही.

कापूस वेचताना तंतू अडकतात, ते सहज निघतात.

आजीचा_बटवा
तेल मात्र घरचंच लावा. आमच्याकडे जवसाचं तेल खाण्यात असते, दाढीले तेच उत्तम, केस चमकते.

चर्मरोग_अमरावती
ताई, जवसाचं तेल खायला फार चांगलं, दाढीला मात्र नको. ते हवेत वाळतं. पातळ थर दिला की काही दिवसांत चिवट पापुद्रा होतो, म्हणूनच ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. दाढीत केस एकमेकांना चिकटतील आणि भुसा जास्त धरून ठेवतील. खोबरेल किंवा तिळाचं तेल बरं. दोन-तीन थेंब तळहातावर चोळून केसांच्या मुळाशी लावायचं, वरून चोपडायचं नाही. दाढीत कोंडा असेल, नाकाच्या बाजूला लालसर खवले असतील, तर तेल बंद करा. त्या कोंड्याला तेलानं खाद्य मिळतं. २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा.

खारपाण_दर्यापूर
पाण्याचं मी सांगतो, आमचा पूर्ण भागच खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत बोअरचं पाणी खारट लागते. तुमच्या यवतमाळकडे खारं नसलं तरी जड असतंच, फेस येत नाही म्हणता त्यावरून कळते.

अशा पाण्यात अंगाचा साबण दाढीले लावूच नका. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा चिकट साका तयार होते. तोच बादलीच्या कडेले दिसते, तोच दाढीत बसते. दाढी झाडूसारखी ताठ होते ती यानं. शाम्पूचा असा साका होत नाही. रोज शाम्पूही नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. बाकी दिवस नुसतं पाणी. शेवटचा तांब्या शक्य असेल तर कॅनच्या पाण्याचा किंवा पावसाळ्यात पागोळीचं साठवलेलं पाणी घ्या. मी शेवटच्या पाण्यात लिंबू पिळतो, केस नरम येतात.

चर्मरोग_अमरावती
साबणाचं अगदी बरोबर. लिंबाबद्दल मात्र सावध राहा. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि तसंच उन्हात गेलात तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. रात्री वापरा, आणि साध्या पाण्यानं पुन्हा धुऊन टाका.

आता मुद्दाम लिहायचं होतं ते. गुरं आहेत का घरी? वासरांच्या तोंडावर, डोळ्याभोवती राखाडी खपलीचे गोल चट्टे दिसले तर ती दाद असते आणि ती माणसाला लागते. दाढीत आली तर नेहमीच्या गजकर्णासारखी दिसत नाही. गाठी येतात, पू येतो, आणि तिथले केस ओढले की न दुखता हातात येतात. लोक तिला पुळ्या समजतात आणि मेडिकलमधून लाल-गुलाबी ट्यूब आणून चोळतात. त्या ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग दाद आत पसरते. दाढीतली दाद नुसत्या मलमानं जात नाही, काही आठवडे पोटातून गोळ्या लागतात. उशीर झाला तर तिथे व्रण पडून केस कायमचे जातात. पोळ्याला बैलांची खांदमळणी करताना, गळ्यात हात टाकताना बैलाचं तोंडही एकदा नीट बघून घ्या.

आणि सलूनमध्ये पातं नवीन आहे की नाही हे डोळ्यांनी पाहा. हिपॅटायटिस बी आणि सी वापरलेल्या पात्यावरून जाऊ शकतात.

वस्तरा_कंगवा
ताई, पातं गिऱ्हाइकासमोरच उघडलं पाहिजे, मी पोरांले हेच शिकवतो. कोणी नाही उघडलं तर सांगाले लाजू नका.

आता गोल चेहऱ्याची ठेवण सांगतो. गोल चेहऱ्याले बाजू बारीक अन् हनुवटीखाली लांब ठेवाची, म्हणजे चेहरा उभा दिसते. लांबट चेहऱ्याले उलटं, बाजू भरलेली अन् खाली आखूड. तुमचे गाल विरळ, त्यामुळे बाजू अगदी बारीक करता येणार नाही. म्हणून कल्ल्यापाशी ९-१० मिलिमीटर, गालावर १२, अन् हनुवटीवर कात्रीनं फक्त टोकं सारखी करून सोडून द्याची. ट्रिमर नेहमी मोठ्या कंगव्यानं सुरू करा, मंग लहान. कोरड्या दाढीवरच चालवा. ओली दाढी लांब दिसते, जास्त कापल्या जाते, अन् वाळली की आखूड होऊन बसते.

गळ्याची लाइन सगळ्यात जास्त लोक बिघडवतात. आरशात पाहून जबड्याच्या हाडावर लाइन मारतात. समोरून ठीक दिसते, पण मान वळवली की खालची कातडी उघडी दिसते अन् दाढी चिपकवल्यासारखी वाटते. घाटीवर दोन बोटं आडवी ठेवा. वरच्या बोटाच्या वरची कड म्हणजे मधली जागा. तिथून दोन्ही कानामागे गोलाई न्या. त्याच्या खालचं साफ, वरचं तसंच. मान खाली घालून पाहा, लाइन दिसली नाही पाहिजे.

गालाची वरची लाइन जिथे नैसर्गिक आहे तिथेच. फक्त सुटे केस काढा. खाली उतरवली की विरळ गाल आणखी विरळ दिसते. मिशी ओठावर येऊ देऊ नका, पाटोडीचा रस्सा खाताना तुम्हालेच त्रास.

ब्रम्हपुरीकर
डिसेंबरात लग्न आहे तोवर ठीक. पुढे उन्हाळ्यात ठेवणार का? आमच्याकडे चंद्रपूर-ब्रम्हपुरीला मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. मी ठेवतो, पण आखूड, बोटभर. दाढीनं ऊन अडतं हे खरं आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये पुतळ्यांच्या चेहऱ्याला दाढी लावून मोजलं होतं, लांबी आणि उन्हाच्या कोनाप्रमाणे २ ते २१ पट संरक्षण निघालं. त्रास घामाचा असतो. घाम वाळून मीठ बसलं की हनुवटीखाली घामोळ्या येतात. दुपारी घरी आलं की साध्या पाण्यानं धुवा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तेल बंदच.

शेंदुर्जना_काका
पिकलेल्या दाढीवाल्यांसाठी काही? काळी मेंदी लावली की हनुवटी चुणचुणते.

चर्मरोग_अमरावती
काका, तुमच्यासाठी सल्ला एकच, बंद करा. काळ्या मेंदीच्या पुडीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. आज चुणचुणतं, पुढच्या वेळी तोंड सुजेल. साधी हिरव्या पानांची मेंदी चालेल, तांबूस रंग येतो. पांढरी ठेवलीत तरी छान दिसेल.

पऱ्हाटीवाला
आईले मास्क लावून दाखवला. कानाजवळ हात लावून पाहिला, मग म्हणाली उद्याच काढून ये. बाबांनी तर स्वतःचीबी काढली, तेबी फवारतात. आमच्याकडे फवाराले येणाऱ्या दोघांले मास्क आणून दिले, त्यायलेबी दाढीचं सांगितलं.

आता ठरवलं ते असं. दसऱ्यापर्यंत मिशी फक्त. दसऱ्यापासून डिसेंबरच्या शेवटापर्यंत दोन-अडीच महिने मिळतात, म्हणजे डॉक्टर ताईंच्या हिशेबानं दोन ते तीन सेंटिमीटर. मले तेवढीच पाहिजे होती. पऱ्हाटीवर त्यानंतर एखादी फवारणी लागली तर चुलतभाऊ मारून देईन, तो दाढी ठेवतच नाही, मास्क त्याले नीट बसतो. वासरं पाहिली, एकाच्या डोळ्याजवळ खपली आहे, गुरांच्या दवाखान्यात नेतो.

वस्तरा भाऊ, एक राहिलं. हळदीचं काय करू? दाढीत हळद बसली तर लग्नात पिवळी दिसन.

वस्तरा_कंगवा
सेटिंग हळदीच्या दोन दिवस आधी करून घ्या. त्याच दिवशी वस्तरा मारला की लाइनवर हळद झोंबते. हळदीले बसाच्या आधी खोबरेल तेल दाढीत मुळापर्यंत भरपूर मुरवा, रोजच्यासारखं दोन थेंब नाही. हळद अंगावर वाळाच्या आत, कोरड्या फडक्यानं आधी पुसून काढा अन् मंग शाम्पूनं दोनदा धुवा. शेवटी कॅनचं पाणी. केसांले रंग राहत नाही, गालाच्या कातडीले राहते, अन् नवरदेवाच्या गालाले तेवढी हळद पाहिजेच. लग्नाच्या सकाळी कात्री-कंगवा घेऊन कोणाले तरी घरी बोलवा, फक्त सुटे केस काढाले. त्या दिवशी ट्रिमर लावू देऊ नका.